यहूदा मक्काबी

अलिबागेजवळ नवगांव म्हणून एक समुद्रकांठचें गांव आहे. तेथें बेने इस्राएल लोकांची प्राचीन दफनभूमि दाखविली जाते. त्या लोकांची परंपरागत कथा अशी कीं, त्यांचे पूर्वज स्वदेशांतून तारवानें निघाले असतां तारूं फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच काय तीं किनाऱ्यास लागलीं. पुढें कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. हें आगमन कोणत्या शतकांतलें, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तथापि त्यांच्यांतीलच इतिहासकार हाईम सामुएल केहीमकर ह्यांनीं तें इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, ग्रीक राजा अंतियोख ह्याच्या अमदानींत झालें, असें प्रतिपादन केलें. त्या राजाच्या जुलुमासमोर जो पुरुष उभा राहिला, त्या यहूदा मक्काबीचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इ. स. पूर्व ३२३ मध्यें शिकंदर मरण पावल्यावर त्याचें राज्य त्याच्या सरदारांनीं वांटून घेतलें. यहूदी देश प्रथम मिसरच्या राजांकडे व इ. स. पूर्व २०० च्या सुमारास सिरियाच्या राजांकडे गेला. इ. स. पूर्व १७५ मध्यें चौथा अंतियोख गादीवर बसला. दोष केवळ परक्यांचा होता असें मात्र नव्हे. मुख्य याजकपद मिळावें म्हणून यहूद्यांतीलच मोठमोठ्या लोकांनीं राजास द्रव्य देऊं केलें, व पवित्र पद विक्रीस निघालें. इ. स. पूर्व १६७ मध्यें राजानें शब्बाथ पाळणें व मुलांची सुंता करणें ह्यांस देहान्ताची शिक्षा ठरविली, धर्मग्रंथ जाळविले, आणि यरुशलेमच्या मंदिरांत ज्यूस देवाची वेदी उभारली.

मोदीन गांवीं मत्तथ्या नांवाचा एक वृद्ध याजक राहत असे. राजाचा अधिकारी मूर्तीस बळी देण्याची सक्ती करूं लागला, तेव्हां त्यानें त्यास ठार केलें, आणि आपल्या पांच पुत्रांसह तो डोंगरांत गेला. त्याच सुमारास रानांत लपलेल्या सुमारें १,००० यहूद्यांवर शब्बाथ दिवशीं हल्ला झाला. शब्बाथ मोडूं नये म्हणून त्यांनीं हात उचलला नाहीं, व ते सर्व मारले गेले. तेव्हांपासून मत्तथ्या व त्याचे सोबती ह्यांनीं ठरविलें कीं, शब्बाथ दिवशीं कोणी चालून आल्यास आत्मरक्षण करावयाचें. धर्मनिष्ठ माणसांस हा निर्णय सोपा नव्हता.

इ. स. पूर्व १६६ मध्यें मत्तथ्या निवर्तला व त्याचा तिसरा पुत्र यहूदा नायक झाला. मक्काबी हें त्याचें उपनांव. त्याचा अर्थ बहुतेक पंडित घण असा करितात. त्याच्या युद्धाची रीत आम्हां कोल्हापूरकरांस परकी वाटावयाची नाहीं. पन्हाळा-विशाळगडाच्या मुलखांत जी लढाई आपण गनिमी काव्याची म्हणतों, तीच ती. अम्माऊस येथें शत्रूची एक तुकडी रात्रीं त्याच्या छावणीवर चालून आली, तों छावणी रिकामी. आणि पहाटे यहूदा आपल्या ३,००० लोकांनिशीं शत्रूच्याच मुख्य छावणीवर तुटून पडला.

इ. स. पूर्व १६४ च्या हिंवाळ्यांत तो यरुशलेमांत शिरला. मंदिराच्या अंगणांत झुडपें माजलीं होतीं, दरवाजे जळाले होते. भ्रष्ट झालेल्या जुन्या वेदीचे धोंडे फेंकून देण्याचें धैर्य कोणास होईना, व ते वापरणेंही अशक्य होतें. म्हणून पुढें कोणी संदेष्टा येऊन सांगेल तोंपर्यंत ते एका बाजूस जपून ठेविले, नवी वेदी बांधिली, आणि आठ दिवस उत्सव केला. योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभु येशू हिंवाळ्यांत मंदिराच्या देवडींत फिरत होते असें जें सांगितलें आहे, तो ह्याच उत्सवाचा प्रसंग होय. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथांत यहूदाचें आणखी एक कृत्य नमूद आहे. रणांत पडलेल्या कांहीं सैनिकांच्या अंगरख्यांखालीं मूर्तिपूजकांचे ताईत सांपडले. त्यानें त्यांस दूषण देऊन सोडून दिलें नाहीं. वर्गणी गोळा करून त्यांच्या पापक्षालनार्थ यरुशलेमास अर्पण पाठविलें. मृतांसाठीं प्रार्थना करण्याचा आधार आपली ख्रिस्तसभा ह्याच स्थळीं पाहते.

इ. स. पूर्व १६२ मध्यें सिरियाचें सैन्य हत्ती घेऊन आलें. त्यांवरील माहूत हिंदी होते, असें पहिल्या ग्रंथांत म्हटलें आहे. त्यांतील एका हत्तीवर राजा असावा असें समजून यहूदाचा भाऊ एलाजार त्याच्या पोटाखालीं शिरला, त्यास खालून भोसकलें, आणि स्वतः त्याखालीं चिरडून मेला. पुढल्याच वर्षीं यहूदानें रोमशीं मैत्रीचा तह केला. तहाची मदत मात्र वेळेवर पोंचली नाहीं. इ. स. पूर्व १६० मध्यें एलासा येथें त्याचे बहुतेक लोक पळाले व ८०० च उरले. शत्रूचें पायदळच २०,००० होतें. माघार घेण्याचा सल्ला त्यानें मानिला नाहीं, व तो तेथेंच पडला. इ. स. पूर्व १४२ मध्यें त्याचा भाऊ शिमोन ह्याच्या हाताखालीं देश स्वतंत्र झाला, परंतु इ. स. पूर्व ६३ मध्यें ज्यांस मित्र म्हटलें होतें त्याच रोमनांचा सेनापति पाँपे यरुशलेमांत शिरला, आणि इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें मंदिर जाळिलें.

मग यहूदाच्या हातीं काय लागलें? ह्याचें उत्तर कोंकणांत मिळतें. तेथील बेने इस्राएल लोक पूर्वीं मंदिरशुद्धीचा हनुक्का सण पाळीत नसत. आपले पूर्वज त्या शुद्धीपूर्वींच निघाले होते, असें ते त्याचें कारण सांगतात. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशास गेले. परंतु कित्येक शतकें, मंदिर नाहीं, याजक नाहीं, ग्रंथही नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं दोन आज्ञा सोडल्या नाहींत. मुलाची सुंता आठव्या दिवशीं केली, आणि शनिवारीं घाणा थांबविला. राजा अंतियोखानें देहान्ताच्या शिक्षेनें बंद करूं पाहिलें तें हेंच. यहूदानें शुद्ध केलेलें मंदिर गेलें, पण ज्यासाठीं तो लढला तें तेल्यांच्या घरांत राहिलें. मंदिराच्या वर्षगांठी मोजतांना आपणही आपल्या घरांत काय पाळलें जातें तें पाहावें, एवढीच प्रिय वाचकांस विनंति.