सुरतेच्या लुटीआधीचा वीरजी व्होरा

चौथीच्या इतिहासात सुरतेची लूट वाचली तेव्हा मी मनाने महाराजांच्या फौजेत होते. लुटलं कोणाला, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. लुटल्या गेलेल्या सावकारांची नावं मराठी पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकलेली असतात, आणि त्यात एक नाव हमखास असतं, बहरजी बोहरा. नावावरून मी त्याला बरेच दिवस बोहरी मुसलमान समजत होते. तो होता गुजराती जैन, खरं नाव वीरजी व्होरा. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या एका पेपरला व्यापार करार आणि जागतिक व्यापार संघटना असं सगळं अभ्यासाला होतं. त्या निमित्ताने वीरजी मला पुन्हा भेटला. या वेळी लुटीच्या एका ओळीत नाही, तर अख्ख्या पन्नास वर्षांत.

वीरजीचा जन्म साधारण १५९० चा. तो लहान होता तेव्हा अरबी समुद्रावर पोर्तुगिजांचा नियम चालायचा. जहाज सोडायचं तर त्यांचा परवाना घ्यायचा. त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. परवान्यात कुठे जायचं आणि काय न्यायचं नाही हे लिहिलेलं असे, आणि वाटेत पोर्तुगीज बंदरात जकात भरावी लागे. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, पण तोफा त्यांच्याकडे होत्या. आम्ही वसईचे कॅथलिक. ज्या सत्तेने आमच्याकडे चर्च बांधली तीच सत्ता हे परवाने विकत होती, हे मला घरी किंवा कॅटेकिझमच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

मग इंग्रज आले. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात त्यांनी पोर्तुगिजांना मागे रेटलं आणि सुरतेत वखार टाकली. १६१५ मध्ये टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सुरतेला उतरला आणि पुढे जहांगीरच्या दरबारात जाऊन राहिला. त्याला हवा होता दोन राजांमधला कायमचा करार. मिळाली ती सवलतींची फर्मानं. बादशहा खूश असेपर्यंतच त्यांना किंमत. डच आले ते याच काळात. १६१९ पासून इंग्रजांच्या कागदपत्रांत वीरजीचं नाव दिसायला लागतं, आणि पुढची पन्नास वर्षं ते जात नाही.

वीरजीची पद्धत साधी होती. जहाजातून आलेला माल थोडाथोडका घ्यायचाच नाही, शक्य तर सगळा उचलायचा. मिरी, लवंग, पोवळं, हस्तिदंत, सोनं. एकदा माल त्याच्या वखारीत गेला की भाव तो ठरवणार. १६२५ मध्ये इंग्रजांना मिरी हवी होती आणि ती वीरजीकडे होती. भाव परवडेना म्हणून त्यांनी दख्खनमध्ये माणसं पाठवली, तर तिथेही वीरजीचा गुमास्ता जास्त भाव देऊन माल उचलत होता. आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा, कालिकत, तांबडा समुद्र, इराणचं आखात, सगळीकडे त्याची माणसं होती. आज आपण याला मक्तेदारी म्हणू, आणि ती होतीच. त्याच्यापुढे टिकू न शकलेले लहान व्यापारी असणारच. त्यांची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून वीरजीला संत करायची माझी तयारी नाही.

जानेवारी १६३५ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली. सुरतेच्या वखारीचा मुख्य विल्यम मेथवोल्ड गोव्याला गेला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयशी त्याने तह केला. दोघांमधली लढाई थांबली आणि पश्चिम किनाऱ्यावरची पोर्तुगीज बंदरं इंग्रजांना खुली झाली. आजच्या भाषेत प्रादेशिक व्यापार करारच म्हणा. ज्या किनाऱ्याचा व्यापार वीरजीसारख्यांच्या जिवावर चालायचा, त्याचे नियम दोन परक्या सत्तांनी गोव्यात बसून ठरवले. वीरजीला कोणी विचारलं नाही. पण गंमत पुढे आहे. करार झाला, बंदरं उघडली, तरी माल घ्यायला रोकड लागतेच. १६३६ मध्ये इंग्रजांनी याच वीरजीकडून दोन लाख रुपये कर्ज घेतलं. १६५० मध्ये गोवळकोंड्याला आणखी एक लाख, व्याज महिन्याला टक्क्याहून थोडं जास्त. कागद त्यांचा, पैसा याचा.

करार पाळायचा कोणी, हा प्रश्न तेव्हाही होताच. इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन आलेल्या दुसऱ्या इंग्रज जहाजांनी तांबड्या समुद्राच्या बाजूला गुजरातची जहाजं लुटली. त्यातल्या एकाकडे तर कंपनीचाच परवाना होता. १६३६ मध्ये बातमी सुरतेत पोचली तेव्हा मुघल अधिकाऱ्यांनी मेथवोल्डला कैदेत टाकलं, आणि लाखाच्या वर भरपाई घेऊनच सोडलं. समुद्रावर मुघलांचं काही चालत नव्हतं, पण वखार जमिनीवर होती.

जमिनीवर वीरजी तरी सुरक्षित होता का? तेही नाही. १६३८ मध्ये सुरतेच्या सुभेदाराने त्यालाच आरोपांची यादी लावून तुरुंगात टाकलं. प्रकरण शहाजहानपर्यंत गेलं. बादशहाने वीरजीला सोडवलं आणि सुभेदाराला पदावरून काढलं. १६५७ च्या अखेरीस गादीसाठी भावाभावांत लढाई जुंपली, तेव्हा शहजादा मुरादच्या माणसांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि शहरातल्या व्यापाऱ्यांकडून पाच लाखांचं कर्ज काढलं. व्यापाऱ्यांच्या वतीने पुढे झाले दोघे जण, हाजी झाहिद बेग आणि वीरजी. पुढच्या वर्षी मुराद स्वतःच कैदेत गेला.

जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले. शाहिस्तेखानाच्या फौजांनी तीन वर्षं स्वराज्य उजाड केलं होतं, आणि मुघलांच्या तिजोरीचं तोंड सुरतेत होतं. सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपला. महाराजांनी त्याला आणि तीन मोठ्या सावकारांना येऊन खंडणी ठरवायचा निरोप धाडला. कोणी आलं नाही. मग डच वखारीजवळचा वीरजीचा वाडा फुटला, खणला गेला आणि जळाला. कपुचिन फादर आंब्रोज यांच्या मठाला महाराजांनी हात लावला नाही, ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगतात आणि ती खरी आहे. डचांच्या एका मृत दलालाचं घरही तो दानशूर होता म्हणून वाचलं, असं बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. वीरजीचं वाचलं नाही. महाराजांबद्दलचा माझा आदर यामुळे कमी झाला का? नाही. पण आता ते पान वाचताना मी एकाच बाजूला उभी राहू शकत नाही, एवढं खरं.

वीरजी त्या आगीत संपला नाही, कारण त्याचा पैसा एका वाड्यात नव्हता. १६६६ मध्ये थेवनो हा आणखी एक फ्रेंच प्रवासी सुरतेत आला, तेव्हाही वीरजीची ख्याती ऐंशी लाखांचा धनी अशीच होती. नंतर १६७० मध्ये दुसरी लूट झाली, आणि त्याच सुमारास त्याचं नाव कागदांतून जातं. काही अभ्यासक म्हणतात तो तेव्हाच वारला. बा. गो. गोखले यांच्या मते त्याने कारभार नातवाकडे, नानचंदकडे दिला आणि तो १६७५ च्या आसपास गेला. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. सुरतेचा भर ओसरू लागला.

पेपर लिहिताना मला आजची सुरत आठवत होती. २०२२ च्या मे महिन्यात संयुक्त अरब अमिरातींशी केलेला करार लागू झाला आणि दागिन्यांवरची तिथली जकात उठली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत कामाचे तास कमी होऊ लागले. निर्णय अबू धाबीत, दिल्लीत, वॉशिंग्टनमध्ये झाले. तंटा सोडवायचा तर जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ आहे, पण ते २०१९ च्या डिसेंबरपासून बंद पडलेलं आहे.

लिंबायत, उधना या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून गेलेली हजारो मराठी माणसं राहतात, मागावर काम करतात. सुरतेला काही झालं की आता ते मराठी घरातही होतं. वीरजीलाही करारात कोणी विचारलं नव्हतं, पण करार करणाऱ्यांना पैशासाठी त्याच्या दारात यावं लागलं. मागावरच्या माणसाच्या दारात कोण येणार? पेपरमध्ये हा प्रश्न नव्हता. मी तो उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि वेळ संपली.