हेमाद्रिपंडित आणि यादवांची वंशावळी

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी ज्या पुरुषाच्या हाती लेखणी आणि सत्ता एकत्र आली होती, तो पुरुष म्हणजे हेमाद्रिपंडित होय. लोक त्यास हेमाडपंत म्हणून ओळखतात. महानुभाव परंपरेत त्याचे नाव कटुतेने घेतले जाते, आणि त्यास कारणही तसेच आहे. तथापि ज्या पुरुषाने यादवकुळाचा संबंध थेट भगवान श्रीकृष्णांशी जोडून दाखविला, त्याचे चरित्र महानुभावांनी केवळ रोषाने बाजूस सारावे असे नाही. त्याने काय जोडले व ते कोठे जोडले, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण. पित्याचे नाव कामदेव, पितामहाचे वासुदेव आणि प्रपितामहाचे वामन. स्वतःच्या कुळाची एवढीच माहिती त्याने दिली आहे. जो पंडित धन्याची वंशावळी क्षीरसागरातून निघालेल्या चंद्रापर्यंत नेतो, तो आपली स्वतःची तीन पिढ्यांवर थांबवितो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ब्राह्मणाच्या अधिकारास गोत्र व विद्या पुरेशी होती. राजाच्या अधिकारास मात्र पुराणपुरुषाची जोड हवी होती.

महादेवराय यादव याच्या कारकीर्दीत (१२६१ ते १२७१) हेमाद्री श्रीकरणाधिप झाला. राज्याचे सारे दप्तर, सनदा व हिशेब त्याच्या देखरेखीखाली आले. मोडी लिपीच्या प्रसाराचे श्रेय लोकपरंपरा त्यालाच देते. हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी देवळेही त्याच्याच नावावर मोडतात. परंतु त्यांतील कित्येक त्याच्या जन्मापूर्वीची आहेत. अंबरनाथचे देवालय १०६० चे, म्हणजे त्याच्याहून दोन शतके जुने. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता बोपदेव त्याच्याच आश्रयास होता.

त्याचा मुख्य ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणी. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष असे त्याचे खंड कल्पिले आहेत. त्यांतील व्रतखंडाच्या आरंभी राजप्रशस्ती आहे आणि यादवांची वंशावळी तीत आली आहे. आरंभ चंद्रापासून होतो. पुढे पुरूरवा, नहुष, ययाती व यदू असा क्रम लागून वंश श्रीकृष्णांपर्यंत येतो. श्रीकृष्णांनंतर प्रद्युम्न, अनिरुद्ध, वज्र, प्रतिबाहू आणि सुबाहू. सुबाहू हा सार्वभौम राजा झाला, त्याने चार पुत्रांस राज्य वाटून दिले आणि दक्षिण दिशा दृढप्रहाराच्या वाट्यास आली, असे हेमाद्री सांगतो. हे कुळ प्रथम मथुरेचे, नंतर द्वारावतीचे व दृढप्रहारापासून दक्षिणेचे स्वामी झाले, अशी त्याची मांडणी आहे.

सांधा आहे तो येथेच. प्रभासक्षेत्री यादवकुळाचा संहार झाला आणि वज्र तेवढा उरला, हे पुराणांस मान्य आहे. म्हणून ज्या कोणास श्रीकृष्णकुळाचे म्हणवून घ्यावयाचे असेल, त्यास वज्राच्या एकाच दारातून जावे लागते. भागवतात वज्राचा पुत्र प्रतिबाहू व त्याचा सुबाहू ही नावे आहेत; परंतु तेथे सुबाहूचा पुत्र शांतसेन आहे. हेमाद्रीने सुबाहूपर्यंत पुराणाचा हात धरला आणि तेथे दृढप्रहारास आणून बसविले. सुबाहू द्वापराच्या अखेरचा, आणि दृढप्रहार इसवी सनाच्या नवव्या शतकातला. मधली सहस्रावधी वर्षे पिता आणि पुत्र या एका नात्यात सामावली गेली.

दृढप्रहारापासून पुढे मात्र भूमी पक्की लागते. त्याचे नगर हेमाद्रीने श्रीनगर म्हटले आहे. शके ९९१ च्या वसईच्या ताम्रपटात ते चंद्रादित्यपूर म्हणून येते, आणि ते नाशिक जिल्ह्यातील चांदवड असावे. त्याचा पुत्र सेऊणचंद्र. त्याच्या नावावरून देशास सेऊणदेश हे नाव पडले. हे कुळ प्रथम राष्ट्रकूटांचे व नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचे जोखड झुगारून देवगिरी वसविली, तेव्हा ते स्वतंत्र झाले. या क्रमाची ताम्रपटांशी पुष्कळ अंशी संगती लागते. म्हणूनच डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ साली दक्षिणेचा इतिहास लिहिताना राजप्रशस्तीचा मोठा आधार घेतला. पूर्वभाग पौराणिक असला तरी उत्तरभाग मोलाचा आहे, एवढे श्रेय हेमाद्रीस दिलेच पाहिजे.

अशी वंशावळी एकट्या यादवांनीच रचविली असे नाही. राष्ट्रकूटांनी सात्यकीचे कुळ सांगितले, शिलाहारांनी जीमूतवाहनाचे. चालुक्यांचा मूळपुरुष ब्रह्मदेवाच्या चुळकातून निघाला, असे त्यांच्या कवीने वर्णिले. द्वारसमुद्राचे होयसळ तर यदुवंशीच म्हणवीत आणि द्वारावतीपुरवराधीश्वर ही यादवांचीच बिरुदावली मिरवीत. एकाच पूर्वजाचे व एकाच नगरीचे वारस म्हणविणारे भिल्लम आणि बल्लाळ ११९० च्या सुमारास सोरटूरच्या रणांगणावर एकमेकांचे रक्त सांडत होते. वंशाच्या दाव्याने बंधुभाव आला नाही. काल मांडलिक असलेला आज राजा झाला, की समकक्ष राजांत त्यास स्थान मिळवून देणे, हेच त्या दाव्याचे कार्य होते.

देवगिरीतही तेच घडले. १२७१ त महादेवरायानंतर त्याचा पुत्र आमण गादीवर बसला. कृष्णदेवरायाचा पुत्र रामचंद्र याने त्यास दूर सारून राज्य घेतले. चुलतभावांच्या या कलहात चंद्रापासूनची वंशावळी दोघांचीही सारखीच होती. तिने कोणाचाच निवाडा केला नाही. हेमाद्री नव्या राजाच्याही सेवेत राहिला, आणि प्रशस्तीच्या दुसऱ्या पाठात रामचंद्राची स्तुती आली.

याच काळी याच राज्यात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी संचार करीत होते. गुजराथेतील राजवैभव त्यागून ते महाराष्ट्रात आले होते. हेमाद्री व्रतांचा संग्रह करीत होता, तर स्वामी एका परमेश्वराच्या अनन्य भक्तीचा उपदेश स्त्रीशूद्रांसह सर्वांस मराठीत करीत होते. हा विरोध वैरास पोहोचला आणि स्वामींच्या छळास हेमाद्री कारण झाला, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात त्या दरबाराची दुसरी बाजू उमटली आहे.

पुढे नरेंद्रकवीने रुक्मिणीस्वयंवर रचले. परंपरेने सांगितले आहे, की ते ऐकून रामदेवरायास त्या ग्रंथावर आपले नाव असावे असे वाटले, आणि एकेका ओवीस एकेक सोन्याचे नाणे देण्याची त्याने तयारी दाखविली. कवीने ते नाकारले व तो देवगिरी सोडून निघून गेला. वंशावळीत श्रीकृष्णांचे नाव ज्यास राजपंडिताकडून सहज लाभले, त्यास श्रीकृष्णकथेवर आपले नाव मात्र मिळाले नाही.

१२९६ त अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि द्वारावतीचे वारस खंडणी देऊन सुटले. १३१८ त हरपालदेवाच्या अंताबरोबर राज्यही संपले. हेमाद्रीची वंशावळी पोथीत राहिली. रक्ताने श्रीकृष्णांचे म्हणविणाऱ्यांचे सिंहासन उरले नाही; ज्यांनी कुळ, घर व मान सोडून त्यांस आपले म्हटले, त्यांचा मार्ग मात्र आजवर चालत आला आहे.