आचार्य दिङ्नाग आणि हेतूची सत्यता

आचार्य दिङ्नागांचा काळ सामान्यतः इ. स. ४८० ते ५४० मानला जातो. तिबेटी परंपरेनुसार त्यांचा जन्म कांचीनजीक एका ब्राह्मण कुळात झाला. वात्सीपुत्रीय संप्रदायात त्यांनी प्रव्रज्या घेतली. परंतु त्या संप्रदायाचा पुद्गलवाद न पटल्याने ते बाहेर पडले आणि वसुबंधूंचे शिष्य झाले.

‘हेतुचक्रा’त त्यांनी सपक्ष-विपक्षांतील स्थितीनुसार हेतूचे ९ प्रकार मांडले : २ सद्धेतू, २ विरुद्ध, ५ अनैकान्तिक. ही अनुमानाच्या आकाराची परीक्षा होय. तथापि, हेतू पक्षाच्या ठायी खरोखर असला पाहिजे, ही अट त्यांनी तिच्याही आधी ठेवली. शब्द डोळ्यांना दिसतो म्हणून तो अनित्य, या अनुमानाचा आकार निर्दोष आहे आणि निष्कर्षही बौद्धांस मान्य आहे. परंतु शब्द दिसत नाही, म्हणून हेतू असिद्ध ठरतो. आकाराची वैधता आणि विधानाची सत्यता यांची पाश्चात्त्य तर्कशास्त्राने केलेली फारकत येथे नाही.

शिवाय हेतू वादी-प्रतिवादी दोघांसही मान्य हवा. शब्द कृतक आहे हा बौद्धांचा आवडता हेतू. पण शब्द उत्पन्न होत नाही, केवळ अभिव्यक्त होतो, असे मानणाऱ्या मीमांसकापुढे तोही असिद्धच. स्वपक्षास जाचक असलेली ही अट दिङ्नागांनी शिथिल केली नाही.

त्यांच्या ‘प्रमाणसमुच्चया’चे मूळ संस्कृत लुप्त झाले, तो ग्रंथ तिबेटी भाषांतरांत टिकला. त्यांचे कठोर टीकाकार नैयायिक उद्योतकर यांनीही मात्र त्याच हेतुचक्राचा पुढे विस्तार केला.