सीएनसीच्या दीडशे वर्षं आधी: लेथला अचूकपणा देणारा हेन्री मॉडस्ले

रिपेअरवाला तुमचा फोन उघडतो तेव्हा आत ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान स्क्रू दिसतात. एखादा हरवला तर तो डबीतून त्याच मापाचा दुसरा काढतो, आणि तो बसतोच. सव्वादोनशे वर्षांपूर्वी असं होत नव्हतं. प्रत्येक बोल्टचा नट ठरलेला असायचा, दुसरा चालायचा नाही. जोडी तुटली की नवीन जोडी बनवा.

हे चित्र बदलणाऱ्यांत सगळ्यात वरचं नाव हेन्री मॉडस्लेचं. मी सॉफ्टवेअरवाला. लेथशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपपुरता. तरी या माणसाची गोष्ट मला आपल्या क्षेत्राची वाटते. का, ते पुढे कळेल.

दारूगोळ्याच्या कारखान्यातला पोरगा

हेन्रीचा जन्म १७७१ चा, लंडनजवळच्या वूलविचमधला. वडील तिथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात कामाला. बाराव्या वर्षी हेन्रीही तिथेच लागला, काडतुसांत दारू भरायला. मग सुतारखात्यात आणि पंधराव्या वर्षी लोहारखात्यात. तिथे तो रमला. कॉलेज नाही, डिग्री नाही, पण कानस आणि हातोड्यावर असा हात बसला की वूलविचबाहेरही त्याचं नाव झालं.

अठराव्या वर्षी जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याने त्याला लंडनला बोलावलं. ब्रामाच्या कुलपाची रचना इतकी अवघड होती की ते उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं होतं. ते उघडलं थेट १८५१ मध्ये, तेही १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट केल्यावर! पण असं कुलूप हाताने बनवायचं तर ते फार महाग पडायचं. म्हणून मॉडस्लेने कुलपाचे भाग बनवणारी यंत्रं तयार केली.

तो कारखान्याचा मुख्य माणूस झाला. लग्न झालं, मुलं झाली, पगार मात्र आठवड्याला ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्याने वाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं. मॉडस्लेने नोकरी सोडली आणि लंडनमध्येच ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

लेथमध्ये त्याने नेमकं काय केलं?

लेथवर जॉब गोल फिरतो आणि टूल त्याला टेकवलं की धातू कापला जातो. त्या काळी बहुतेक ठिकाणी टर्नर टूल हातात धरायचा. हात हलला की माप बिघडलं. आटे पाडणं तर आणखी कठीण, कारण जॉब फिरत असताना टूल अगदी एकसारख्या वेगाने बाजूला सरकवावं लागतं.

मॉडस्लेने तीन गोष्टी एका भक्कम, धातूच्या लेथवर आणल्या:

- स्लाइड रेस्ट: टूल हाताऐवजी सरकत्या पकडीत घट्ट बसवलं.
- लीड स्क्रू: एक लांब, अचूक स्क्रू. तो फिरला की टूल पुढे सरकतं.
- बदलते गिअर: जॉब आणि लीड स्क्रू यांना जोडणारे.

समजा लीड स्क्रूचे आटे ४ मिमी अंतरावर आहेत आणि तुम्हाला २ मिमीचे हवेत. मग जॉबच्या एका फेरीत लीड स्क्रू अर्धी फेरी फिरला पाहिजे. ४० आणि ८० दात्यांचे गिअर लावा, झालं काम. वेगळं माप हवं? गिअर बदला. म्हणजे गिअर हाच प्रोग्रॅम!

या कल्पना सुट्या-सुट्या आधीही होत्या. त्यांना एकत्र आणून रोज वापरता येईल असं यंत्र करणं, हे मॉडस्लेचं काम. त्याने ५ फूट लांबीचा एक स्क्रू कापला होता, त्यावर इंचाला ५० आटे होते. १८०० च्या सुमाराचा त्याचा लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आजच्या सीएनसी लेथवर गिअर बदलावे लागत नाहीत. स्पिंडलला लावलेला एन्कोडर तो किती फिरला हे कंट्रोलरला सांगतो आणि मोटर त्या हिशोबाने टूल सरकवते. प्रोग्रॅममध्ये फीड २ लिहा, २ मिमीचे आटे तयार. न्यूमेरिकल कंट्रोलवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र एमआयटीने १९५२ मध्ये दाखवलं. टूल सरकवायची कल्पना मात्र मॉडस्लेचीच राहिली.

शेवटचा निकाल मायक्रोमीटरचा

अचूक कापायचं तर अचूक मोजताही आलं पाहिजे. मॉडस्लेने टेबलावर ठेवायचा मायक्रोमीटर बनवला. तो इंचाचा दहाहजारावा भाग दाखवायचा, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा हिस्सा. मापावरून वाद झाला की निकाल त्याच्यापुढे, म्हणून त्याचं नाव लॉर्ड चॅन्सेलर, इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधीशावरून. कामगारांच्या टेबलांवर त्याने अगदी सपाट केलेल्या पाट्याही ठेवल्या, आपलं काम आपणच तपासायला.

११० जणांचं काम १० जणांत

शिडाच्या जहाजांना कप्प्या लागायच्या, नौदलाला तर वर्षाला लाखभर. मार्क ब्रुनेलने त्या बनवणाऱ्या यंत्रांचे आराखडे काढले आणि मॉडस्लेने १८०२ ते १८०८ मध्ये पोर्ट्समथसाठी सुमारे ४५ यंत्रं बनवली. जिथे ११० कारागीर लागायचे, तिथे १० माणसं पुरली.

हा आकडा वाचून मी थांबतो. उरलेल्या शंभरांचं काय झालं? इतिहासाची पुस्तकं यंत्रांबद्दल भरभरून लिहितात, त्यांच्याबद्दल फारसं नाही. आज एआय कोड लिहायला लागलाय, त्यामुळे हा प्रश्न मला परका वाटत नाही.

त्याच्याकडे शिकलेली माणसं

मॉडस्लेचं वर्कशॉप शाळाच होतं. वाफेच्या हातोड्यासाठी ओळखला जाणारा जेम्स नॅस्मिथ तिथलाच. १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं एक ठरलेलं माप सुचवणारा जोसेफ व्हिटवर्थही तिथलाच. आणि जोसेफ क्लेमेंट? तो मॉडस्लेकडे मुख्य ड्राफ्ट्समन होता. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनचे, म्हणजे संगणकाच्या पूर्वजाचे भाग पुढे त्यानेच बनवले. पटलं ना, ही आपल्या क्षेत्राची गोष्ट आहे?

जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्सहून परतताना मॉडस्लेला थंडी बाधली आणि १४ फेब्रुवारीला तो गेला. वूलविचमधलं त्याचं स्मारक बिडाचं होतं. त्याचा आराखडा त्याने स्वतःच काढला होता.

मग मॅन्युअल लेथ शिकायचा का?

आयटीआयला असलेली मुलं हे हमखास विचारतात. माझं उत्तर: हो. हाताची अचूकता यंत्रात घालणारा माणूस आधी त्या हाताचा उस्ताद होता. टूल कुठे थरथरतं, धातू कधी तापतो, माप कशाने बिघडतं हे त्याला माहीत होतं. सीएनसीचा प्रोग्रॅम चुकला तर कंट्रोलर तो तितक्याच इमानाने चालवतो आणि टूल चकवर आपटतं. सायकल स्टार्ट दाबण्याआधी ती चूक ओळखायला लेथचा आवाज आणि कापलेल्या धातूचा रंग बघितलेला माणूस लागतो.