विजेला सूत्र देणारा शाळाशिक्षक

शालेय विज्ञानात विद्युतधारेचे प्रकरण सुरू झाले की पहिल्या काही पानांतच एक छोटेसे सूत्र भेटते. वाहकाचे तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना त्यातून वाहणारी विद्युतधारा ही त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराशी समानुपाती असते, असा तो नियम. विभवांतराला धारेने भागले की वाहकाचा रोध मिळतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला ४ ओहम रोध जोडला तर ३ अँपिअर धारा वाहते, हे उदाहरण विद्यार्थी तोंडी सोडवितात. ज्यांचे नाव या नियमाला मिळाले, त्या जॉर्ज सायमन ओहम यांना मात्र तो ग्रंथरूपाने मांडल्यावर वर्षभरातच हातातली नोकरी सोडून अनिश्चिततेत पडावे लागले.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगन या गावी झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर होते. औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित व विज्ञान आत्मसात केले होते आणि मुलांना घरीच शिकविले. सात भावंडांपैकी तिघेच जगली; जॉर्ज दहा वर्षांचे असताना आईचेही निधन झाले. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आला.

१८०५ मध्ये जॉर्ज एरलांगन विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचे लक्ष अभ्यासापेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील स्केटिंग यांतच अधिक रमले. संतापलेल्या वडिलांनी तीन सत्रांनंतर शिक्षण थांबवून त्यांना स्वित्झर्लंडला धाडले. तेथे गणित शिकवीत त्यांनी स्वतःचा अभ्यास चालू ठेवला आणि परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पदवी मिळाली तरी विद्यापीठात पोट भरेल अशी जागा मिळेना. बांबर्गच्या एका शाळेत काही वर्षे काढल्यावर १८१७ मध्ये कोलोन येथील माध्यमिक शाळेत त्यांची नेमणूक झाली. या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची विचलित होते, हे दाखविले. त्यामुळे धारा मोजण्याचे साधनच हाती आले. बारीक धातूच्या तारेने टांगलेली चुंबकसूची ओहम यांनी परिपथाजवळ ठेवली. धारेमुळे सूची वळली की टांगलेल्या तारेला पीळ देऊन ती मूळ जागी आणायची. पीळ जितका अधिक द्यावा लागेल तितकी धारा अधिक, अशी ही युक्ती होती.

अडचण निघाली ती विजेच्या उगमाची. व्होल्टाच्या धर्तीचा रासायनिक विद्युतघट जोडताच त्याचा जोर क्षणोक्षणी बदलत असे. १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या निबंधातील सूत्र म्हणूनच चुकले होते. तेव्हा संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना औष्णिक युग्म वापरण्याचे सुचविले. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की वीज निर्माण होते, हा सीबेक यांचा तेव्हा नवाच असलेला शोध होता. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे युग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्याने तापविला, दुसरा बर्फाने गार ठेवला. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर तापमानातील फरक ढळत नाही, आणि म्हणून विजेचा जोरही ढळत नाही. एवढ्या साध्या साधनाने प्रयोगाचा सारा गोंधळ संपला.

मग त्यांनी सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक परिपथात जोडल्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. लांबी ६५ पट वाढली, पण धारा ६५ पट घटली नाही. ती साधारण पावणेसात पटींनी घटली. कारण तारेखेरीज उरलेल्या परिपथालाही रोध होता, आणि तो सुमारे २० इंच तारेएवढा भरला. आखूड तारेच्या वेळी एकूण लांबी सुमारे २२ इंच आणि लांब तारेच्या वेळी सुमारे १५० इंच धरली की सारी मापे जुळतात. घटाचा स्वतःचा अंतर्गत रोध हिशेबात घेण्याचा जो पाठ विद्यार्थ्यांना आज अवघड वाटतो, तो या नियमाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

हे प्रयोग १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अर्ध्या पगारी रजेवर बर्लिनला भावाकडे राहून ओहम यांनी परिपथाच्या गणिती विवेचनाचा ग्रंथ लिहिला. तो १८२७ मध्ये निघाला. उष्णता धातूतून कशी वाहते याचे फूरिए यांनी केलेले गणित त्यांच्यासमोर आदर्श म्हणून होते. या ग्रंथाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. निसर्गाचे ज्ञान गणिताने मिळते, हेच तेव्हाच्या अनेक जर्मन विद्वानांना मान्य नव्हते. बर्लिनच्या पोल यांनी ग्रंथावर कठोर टीका केली. दोष सर्वस्वी टीकाकारांचा होता असेही नाही. ग्रंथात गणिताचा भार मोठा होता, आणि वाचकाची खात्री पटवू शकतील ते प्रयोग आधीच्या निबंधांतच राहिले होते.

निराश झालेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला. पुढील पाच वर्षे बर्लिनमध्ये मिळतील त्या तात्पुरत्या शिकवण्यांवर गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापकपद मिळाले तेव्हा कुठे स्थैर्य आले.

मान्यता आली ती परदेशातून. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कॉप्ले पदक दिले. तारायंत्राचे युग सुरू होत होते. मैलोगणिक तारांतून संदेश धाडणाऱ्यांना रोधाचा हिशेब टाळणे शक्यच नव्हते. १८४३ मध्ये व्हीटस्टन यांनी रोध मोजण्याच्या पद्धती मांडल्या, तर १८४५ मध्ये किर्खोफ यांनी अनेक शाखांच्या परिपथांचे नियम दिले. दोघांचाही पाया ओहम यांचाच. मायदेशातील म्युनिक विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

यानंतर पाव शतकाने एक नवल उघड झाले. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच नियम १७८१ मध्ये गवसला होता, तोही स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या विजेच्या झटक्यांची तुलना करून! त्यांनी तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्यांची टिपणे मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये छापली. नियमाचे नाव मात्र बदलले नाही. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हेच नाव दिले. पुढे लॉर्ड केल्विन यांनी रोधाच्या व्यस्ताचे, म्हणजे वाहकतेचे, एकक सुचविताना ओहम या नावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहून ‘म्हो’ असे नाव बनविले. आज त्या जागी सीमेन्स हे एकक आले असले, तरी जुन्या पाठ्यपुस्तकांत म्हो अजूनही आढळतो.