विज्ञानोपासक डॉ. होमी भाभा

सातपुड्याच्या कुशीत, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, काठी नावाचे एक गाव आहे. तेथील होळी सर्व महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. दूरदूरच्या डोंगरपाड्यांतून आलेले आदिवासी स्त्रीपुरुष रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटेच्या सुमारास ती उंच होळी पेटते. ज्वाळांचा प्रकाश क्षणार्धात सर्वांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हा प्रकाश असंख्य अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने येत असतो. त्या प्रकाशकणांस फोटॉन असे म्हणतात.

परंतु फोटॉनाचे कार्य येथेच संपत नाही. दोन विद्युत्भारित कण एकमेकांस ओढतात किंवा दूर लोटतात, तेही फोटॉनांच्या देवघेवीमुळेच. ही देवघेव कोणाच्याही डोळ्यांस दिसत नाही. तथापि तिच्या आधारावरच अणू आपापल्या जागी बांधलेले राहतात, आणि होळीचा बांबू काय किंवा आपले शरीर काय, सारे काही टिकून असते. या अदृश्य देवघेवीचे एक अवघड कोडे ज्याने ऐन पंचविशीत उलगडले, तो तरुण आपल्या मुंबईचाच होता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे कायदेपंडित होते. घरात उत्तम ग्रंथांचा संग्रह होता; संगीत आणि चित्रकला यांची सर्वांना आवड होती. त्यामुळे गणित व विज्ञान यांच्या जोडीला चित्रे काढण्याचा आणि संगीत ऐकण्याचा छंद होमींस बालपणीच जडला आणि तो त्यांनी आमरण जोपासला. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे त्यांचे शिक्षण झाले.

१९२७ साली होमी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी इंग्लंडात केंब्रिज येथे गेले. वडिलांची आणि आप्त असलेल्या दोराबजी टाटा यांची इच्छा अशी, की होमींनी अभियंता होऊन परतावे व जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा कारभार पाहावा. मार्ग आखलेला होता, पद ठरलेले होते. पण होमींचे मन यंत्रांत रमेना. त्या वेळी केंब्रिजमध्ये रदरफर्ड आणि डिरॅक यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ अणूच्या अंतरंगाचा शोध घेत होते. त्या विद्येने होमींस वेड लावले. एकीकडे वडिलांची इच्छा आणि दुसरीकडे अंतःकरणाची ओढ, अशा पेचात ते सापडले. अखेर १९२८ साली त्यांनी वडिलांस पत्र लिहिले आणि भौतिकशास्त्र हेच आपले जीवितकार्य आहे, असे विनयाने पण निश्चयाने कळविले.

वडील रागावले नाहीत. पण त्यांनी एक अट घातली. हाती घेतलेली अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण व्हावी, म्हणजे पुढील दोन वर्षांचा खर्च ते देणार होते. नावडता विषय म्हणून होमींनी त्यात हयगय केली नाही. १९३० साली ते त्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि वडिलांनीही आपला शब्द पाळला. १९३२ साली गणिताच्या परीक्षेतही होमींनी पहिला वर्ग मिळविला व ते संशोधनाकडे वळले.

तो काळ भौतिकशास्त्रात मोठ्या घडामोडींचा होता. इलेक्ट्रॉन हा ऋण विद्युत्भाराचा कण सर्वांस ठाऊक होता. डिरॅक यांच्या गणितातून, तेवढ्याच वजनाचा पण धन भाराचा एक जोडीदार कण असला पाहिजे, असे निघत होते. १९३२ साली अमेरिकेत कार्ल अँडरसन यांस तो कण खरोखरच सापडला. त्याचे नाव पॉझिट्रॉन. आता प्रश्न असा उभा राहिला, की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले असता काय घडेल?

विद्युत्भारित कणांमधील बल कसे पोहोचते, हे एका दृष्टांताने पाहू. नर्मदेच्या संथ पाण्यावर दोन नावा उभ्या आहेत आणि त्यांतील दोघे जण एक जड चेंडू एकमेकांकडे फेकीत आहेत, अशी कल्पना करा. चेंडू फेकणारा मागे रेटला जातो, झेलणाराही मागे सरतो आणि नावा दूर जाऊ लागतात. दोन इलेक्ट्रॉन परस्परांस दूर लोटतात, तेव्हा चेंडूच्या जागी फोटॉन असतो. अर्थात दृष्टांत हा दृष्टांतच. विरुद्ध भारांचे कण एकमेकांस ओढतात, तेही फोटॉनांच्याच देवघेवीने. पण ते चेंडूच्या खेळाने समजावता येत नाही. त्यासाठी गणिताचाच आश्रय घ्यावा लागतो.

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या बाबतीत, भाभांनी दाखविले, की टक्कर दोन वाटांनी घडू शकते. पहिली वाट म्हणजे एकाने फोटॉन द्यावा व दुसऱ्याने तो घ्यावा. दुसरी वाट मोठी नवलाची आहे. तीत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन दोघेही नाहीसे होतात, त्यांच्या जागी केवळ फोटॉन उरतो आणि त्या फोटॉनातून लगेच नवा इलेक्ट्रॉन व नवा पॉझिट्रॉन जन्म घेतात. बाहेरून पाहणारास कोणती वाट घडली, हे कधीच सांगता येत नाही. म्हणून दोन्ही वाटांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनाशी नाते नसलेला निराळाच कण असता, तर दुसरी वाट संभवलीच नसती. अशा रीतीने डिरॅक यांचे मत खरे की खोटे, हे पारखण्याची कसोटीच भाभांनी शास्त्रज्ञांच्या हाती दिली. हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९३६ साली प्रसिद्ध केला. पुढे प्रयोगांनी भाभांचे गणित खरे ठरविले. या क्रियेस आज जगभर भाभा विकिरण असे म्हणतात. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविणाऱ्या प्रचंड यंत्रांत किती टकरी होतात, हे मोजण्यासाठी याच क्रियेचा उपयोग केला जातो. जिनिव्हाजवळ १९८९ ते २००० या काळात चाललेल्या महायंत्रातही तीच मोजपट्टी होती.

१९३७ साली हाइटलर यांच्या साहाय्याने भाभांनी आणखी एक कोडे सोडविले. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणात कणांची सर कशी कोसळते, याची उपपत्ती त्यांनी मांडली.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग खुंटला. भाभा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या विभागात काम करू लागले. १९४१ साली रॉयल सोसायटीने त्यांस सदस्यत्वाचा बहुमान दिला. युद्धानंतर त्यांस परदेशी जाणे अवघड नव्हते. परंतु आपल्या देशातील बुद्धिमान तरुणांस संशोधनासाठी परक्यांच्या दारी जावे लागू नये, असा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. १९४४ साली त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीस पत्र लिहून संशोधन संस्थेची योजना सुचविली आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी ती मुंबईस आली.

स्वतंत्र भारताच्या अणुशक्ती आयोगाचे ते १९४८ साली पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. एवढ्या व्यापातही त्यांची रसिकता कोमेजली नाही. इमारतीच्या आड येणारा वृक्ष तोडण्याऐवजी तो मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याची त्यांची दक्षता असे.

२४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्ना येथे निघाले असता, त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां शिखरावर आदळले आणि ही थोर जीवनज्योत मालवली. वयाची सत्तावन्न वर्षेही त्यांनी पुरी केली नव्हती. १९६७ साली तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले.

आखून दिलेला मार्ग सोडण्यापूर्वी भाभांनी आपले कर्तव्य पुरे केले; आणि मनाजोगता मार्ग मिळाल्यावर त्या मार्गाचे फळ देशाच्या ओंजळीत घातले. काठीची होळी पेटताच डोळ्यांस भिडणारा प्रकाश आणि काष्ठातील कणाकणांस धरून ठेवणारे बल, ही दोन्ही एकाच फोटॉनाची लीला आहे. ती उकलू पाहणाऱ्यांच्या मालिकेत या मुंबईकर शास्त्रज्ञाचे नाव चिरंतन राहील.