फुटलेल्या बशा आणि एक डॉक्टर

हातातून बशी पडली, सांगितलेलं विसरलं, की ‘लक्ष कुठंय तुझं?’ असं आपण पटकन बोलतो ना? पॅरिसच्या एका डॉक्टरांनी मात्र कारण शोधलं. त्यांचं नाव जाँ मार्तें शार्को.

१८२५ साली बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिकत असताना त्यांना एक मोलकरीण भेटली. तिचे हात थरथरायचे, म्हणून तिला कुणी काम देईना. शार्कोंनी तिला कामावर ठेवलं. तिने कितीतरी बशा फोडल्या, पण त्यांनी तिला काढलं नाही. ती वारल्यावर तपासणीत तिच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी घट्ट झालेले चट्टे सापडले.

१८६२ पासून शार्को साल्पेत्रिएर या इस्पितळात गरीब, आजारी बायकांवर उपचार करत होते. १८६८ साली त्यांनी या आजाराची, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसची, नीट ओळख जगाला करून दिली. या रुग्णांची स्मरणशक्ती कमी होते, विचार सावकाश चालतो, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांचं लक्ष हातापायांकडेच राहिलं. आज आपल्याला माहीत आहे, की साधारण निम्म्या रुग्णांना हा त्रास होतो. कधी चालणं-फिरणं ठीक असतानाही.

१८९३ साली शार्को गेले. मैत्रिणींनो, घरात असं कुणी असेल तर तिला आळशी म्हणू नका. एका वेळी एकच काम सांगा, वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि विसरणं वाढलंय हे डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.